वणेत ठंडा केलेला गोळा

खोटं लिहिलंत तुम्ही. शिक्का मारून, खाली झोकात सही करून, खोटं लिहिलंत.

समुद्रपूरच्या शोभाबाईच्या खुब्यात बसवलेला सांधा बिघडला, तो म्हणे 'रुग्णाच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे'. रुग्ण जमिनीवर मांडी घालून बसत होती. रुग्ण गिरडची टेकडी चढली. म्हणजे चालता यावं म्हणून सांधा बसवला आणि बाई चालली, हाच बाईचा गुन्हा. ज्यांनी तो धातू तिच्या हाडात ठोकला, ज्यांनी तो विकला, ज्यांनी तो विकू दिला, त्यांच्याबद्दल तुमच्या कागदावर अर्धी ओळ नाही. समिती बसली, चहा प्याली, बाईवर बोट ठेवून उठली. झालं काम.

आता ती बाई कोण ते ऐका. तुम्ही निकाल दिलात तेव्हा तिचं तोंडही पाहिलं नव्हतं.

समुद्रपूरच्या बसस्टँडवरून बाजाराकडे वळलं की महादेवरावांचं भांड्यांचं दुकान लागतं. गल्ल्यावर महादेवराव. दाराजवळच्या स्टुलावर, मांडीवर फडकं टाकून, शोभाबाई. भांड्यावर नाव टाकायचं काम तिचं. लग्नसराईत सकाळपासून तिच्या हातातलं मशीन टर्रर्र करत असायचं. पाण्याच्या गुंडावर, परातीवर, तांब्या-गडव्यावर सुई फिरायची आणि मागे मोत्यासारखं अक्षर उमटायचं. कोण्या मामाकडून, कोण्या आत्याकडून, सप्रेम भेट. गिऱ्हाईक घाई करायला लागलं, की ती मान वर न करता म्हणायची, "थांब ना बाप्पा. नाव टाकलं की भांडं हरपत नाई. अन् ज्यानं देल्लं त्याले पुढं नाई म्हनता येत नाई."

पंधरा-सोळा वर्षांमागे तिच्या खुब्याचं हाड सुकलं. चाळिशीही गाठली नव्हती. भिंत धरून चालायची. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरच्या शेजारी टाय लावलेला कंपनीचा माणूस बसला होता. त्यानं तळहातावर चकचकीत गोळा ठेवला आणि शेजारी त्याची वाटी. गोळा लिंबापेक्षा थोडा मोठा. वाटीत ठेवून त्यानं गर्रकन फिरवला.

"माताजी, ये जिंदगीभर का माल है. पालथी मारो, पहाड चढो, कुछ नहीं होगा."

महादेवराव जातिवंत भांडेवाला. त्यांनी गोळ्यावर नख वाजवून पाहिलं, उजेडात धरून पाहिला. "शोभे, माल एक नंबर हाय," म्हणाले. "आपल्या दुकानात असा एक दाना नाई."

"मंग दोन घ्या," शोभाबाई म्हणाली. "एक दुकानात लटकवा."

चाललीच आपल्या पायानं, तर गिरडच्या बाबाची टेकडी चढीन, असं ती बोलली होती. चालली. चढलीही. वर दर्ग्यापाशी बसून तिनं फोटो काढला, हसते आहे त्यात. तोच फोटो तुम्ही तिच्या गुन्ह्याचा पुरावा म्हणून लावलात. लाज वाटली नाही. टाय लावलेला माणूस 'पहाड चढो' म्हणाला होता, त्याला बोलावून विचारलंत का एकदा तरी?

काही वर्षं बरी गेली. मग चालताना खुब्यातून आवाज यायला लागला. करकर, करकर. दुकानात गिऱ्हाइकं मागे वळून शटरकडे पाहायची. "शटर नोय बाई, मी हाय," शोभाबाई सांगायची. पुढे हसणं संपलं. तोंडात सतत कळकल्यासारखी चव. ज्या बाईनं जन्मभर पितळेला कल्हई लावून घ्या म्हणून लोकांना सांगितलं, तिच्याच तोंडात तांब्याचा कळक. कानात सारखी शिट्टी. नाव टाकताना अक्षर अंधूक दिसायचं. एकदा तिनं नवरीच्या गडव्यावर नवरदेवाच्या बापाचं नाव टाकलं, आणि त्या दिवसापासून मशीनला हात लावला नाही. मांडीत गाठ आली, आंब्याएवढी.

डॉक्टर काय म्हणत होते? वय झालं. वजन कमी करा. वात आहे. मनाचं आहे. एकानं तर महादेवरावांना बाजूला घेऊन विचारलं, घरी सुनेशी पटत नाही का? यांना सूनच नव्हती.

शेवटी मुलगी हर्षा, वर्ध्याला बोरगाव मेघेत राहते, ती आईला एका डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेली. त्या बाईनं रक्त तपासायला पाठवलं, आणि रक्तात धातू निघाला. गोळा वाटीवर घासत होता आणि त्याची भुकटी वर्षानुवर्षं रक्तात उतरत होती. खुबा उघडला, तर आतून मोटरसायकलचं जुनं ऑइल निघावं तसं काळं पाणी निघालं. मांस करपल्यासारखं झालेलं. गोळा आणि वाटी काढली, दुसरी बसवली. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाली, "हा सांधा बाहेरच्या देशांत कंपनीनं केव्हाच परत बोलावला होता. तुम्हाला कोणी कळवलं नाही?"

कोण कळवणार होतं? ऐका, महादेवरावांनी एकदा काय केलं होतं ते. दुकानात एका लॉटचे कुकर आले, त्यांच्या शिट्टीत खोट निघाली. महादेवरावांनी लूना काढली. कोणत्या लग्नात कोणता कुकर गेला हे शोभाबाईला पाठ, कारण नावं तिनंच टाकलेली. ती मागे बसून सांगत गेली, हे फिरत गेले, आणि गावोगावच्या चुलीवरून कुकर उतरवून आणले. एका घरी पाहुणे पंगतीला बसले होते, डाळ शिजत होती. तरी उतरवला. शिव्या खाल्ल्या, पण कोणाचं तोंड भाजू दिलं नाही. हा समुद्रपूरचा भांडेवाला. आणि तुमच्याजवळ दवाखाने, तारा, फोन, मोठमोठी खाती. तुमच्यानं एक पोस्टकार्ड टाकवलं नाही. कुकरच्या शिट्टीला जेवढी किंमत, तेवढीही बाईच्या हाडाला नाही.

डॉक्टरीणबाईनं काढलेला गोळा आणि वाटी एका डबीत घालून महादेवरावांच्या हाती दिली. "सांभाळून ठेवा," म्हणाली.

आणि इथं महादेवरावांनी माती खाल्ली.

दुकानामागच्या घरात शोभाबाई खाटेवर होती. डबी देवघराच्या खालच्या फळीवर. रोज दिवा लावताना ती महादेवरावांच्या नजरेला पडायची आणि अंगावर काटा यायचा. शेजारचे अण्णाजी, सगळ्या गावाला शास्त्र सांगणारे, म्हणाले, "माणसाच्या आंगात येवढे वर्स राह्यलेली वस्तू म्हंजे अर्धी अस्थीच झाली गा. जित्या बाईची अस्थी घरात ठेवून राह्यला का तू?" झालं. आपल्याकडे देवाची तसबीर फुटली, की ती उकिरड्यावर टाकत नाहीत, नदीत ठंडी करतात. महादेवरावांनी गोळा आणि वाटी लाल फडक्यात बांधली, हळदकुंकू वाहिलं, नारळ घेतला, आणि एस.टी.नं हिंगणघाटला जाऊन वणा नदीत ठंडी करून आले. येताना बायकोसाठी संत्री आणली. मोठं पुण्य केल्यासारखे झोपले.

हर्षानं तुमच्या समितीकडे तक्रार केली होती, तिच्यावर नंतर तुमचा निकाल आला. शोभाबाईनं तो हर्षाकडून दोनदा वाचून घेतला. "निष्काळजी" या शब्दाशी ती थांबली.

"म्हंजे माहा दोष?"

"तसंच लिहिलंय, आई."

"माहा?"

हर्षानं उलट अर्ज केला. शोभाबाईनं तिला बजावून ठेवलं, बाकी काही मागू नको, ते एक वाक्य खोडून मागजो. मी मेल्यावर नातवंडं कागद पाहतील, अन् म्हणतील आजी आपल्या करणीनं लंगडली. ते वाक्य खोडलं पाहिजे. त्यावर तुमचं उत्तर आलं, की काढलेला सांधा समितीसमोर सादर करावा, अन्यथा आधीचा निकाल कायम राहील.

"डबी काढा वो," शोभाबाई म्हणाली.

महादेवराव गल्ल्यातल्या चिल्लरशी खेळायला लागले.

"आवो, डबी."

"ते… ठंडी केली."

"फ्रिजात ठेवली?"

"नाई. वणेत."

शोभाबाई वॉकर धरून उठली. नवा सांधा होता, आवाज करत नव्हता, म्हणून महादेवरावांना ती जवळ आलेली कळलीच नाही. "माह्या आंगातला गोळा तुमी नारळ फोडून बुडवला? मले न विचारता? अवं माय! जिती हाय ना मी!"

"अण्णाजी म्हने अस्थी…"

"मंग अण्णाजीलेच नेऊन बुडवाचं होतं! कंपनीचा गुन्हा तुमी आपल्या हातानं धुवून टाकला. वरतून कुकू वाह्यलं!"

हर्षा मधे पडली. "आई, बाबांना काय माहीत…"

"काऊन माहीत नाई? यायच्या दुकानात गळका गुंड घेऊन कोनी आलं, तर हेच म्हनतात ना, आधी गुंड दाखव? दाखवाले गुंड नसला, तर गळत होता हे कोन मानते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवराव भंगारवाल्याकडून दोरीला बांधलेलं मोठं लोहचुंबक घेऊन आले. मे महिना. वणेचे डोह तेवढे उरले होते. तिघं हिंगणघाटच्या घाटावर गेली. शोभाबाई दगडावर, वॉकर बाजूला, डोक्यावर पदर. महादेवराव गुडघाभर पाण्यात चुंबक ओढत होते. खिळे आले. बिजागरी आली. कोण्या गणपतीच्या आतली तार आली. सायकलची घंटी आली. गोळा येईना.

पलीकडे डोमाजी ढिवर जाळं झाडत बसला होता. घाटावर सोडलेले पैसे, पितळेचे दिवे वेचणं हा त्याचा जोडधंदा. बराच वेळ मजा पाहून तो उठला.

"काय हरपलं, मालक? गाडीचं इंजिन?"

"गोळा हाय. लोखंडाचा. वाटी हाय संगं. लाल फडक्यात होता."

डोमाजी थांबला. डोकं खाजवलं. "चकचकीत? तो लोखंडाचा नोय ना मालक. म्या चुंबक लावून पाह्यलं, भंगारवाल्यानंबी पाह्यलं. चिपकत नाई, म्हनून तो घेत नाई म्हने."

"कुठी हाय?" शोभाबाईचा आवाज असा चढला, की डोहातले बगळे उडाले.

"घरी हाय ना. माह्या बायकोले देल्ला. लय कामाचा हाय."

डोमाजीचं घर घाटाच्या वरच. दारात त्याची बायको नलू चुलीपाशी बसली होती. तिच्या पायाच्या बोटांमध्ये ती वाटी घट्ट धरलेली आणि हातात तो गोळा. ती लसूण ठेचत होती.

शोभाबाई दारातच थिजली. ज्या वाटीत तिच्या मांडीचं मांस करपलं, जिच्यातून तिच्या रक्तात काळं उतरलं, त्या वाटीत लसूण, मिरची, मीठ. शेजारी ताटात भाकर. हिवाळ्यापासून हे घर त्यातला ठेचा खात होतं.

"बाई, थांब!" ती ओरडली. "खाऊ नको ते!"

नलू दचकली. "काऊन वं बाई? नदीत सापडलं. चोरी नाई केली आमी."

"चोरी नाई वं माय. तो माह्या खुब्यातला हाय."

नलूनं आधी शोभाबाईकडे पाहिलं, मग वाटीकडे, मग नवऱ्याकडे. तिनं तोंडावर हात दाबला आणि बाहेर जाऊन नरड्यात बोट घातलं. "पण मालकीनबाई, त्यात काई वाईट हाय हे त्याच्यावर लिहिलेलं नाई ना," डोमाजी म्हणाला. "आमाले कसं समजन?"

मलेही नाही समजलं गा, असं काहीतरी शोभाबाई पुटपुटली. परत जायच्या आधी तिनं हर्षाला हिंगणघाटच्या बाजारात पाठवून दगडी खलबत्ता मागवला आणि तो नलूच्या हातात दिला. त्यावर नाव टाकलं नाही.

घरी येऊन तिनं वाटी धुतली. मशीनशेजारचं भिंग डोळ्याला लावलं. वाटीच्या काठावर बारीक अक्षरं होती. कंपनीचं नाव आणि नंबर. एवढ्या घासाघाशीनंतरही साफ. डॉक्टरीणबाईच्या कागदावर तोच नंबर.

"नाव तं त्यायचंच हाय," ती म्हणाली. त्या रात्री ती पहिल्यांदा नीट जेवली.

तुमच्या सुनावणीला तिघं वर्ध्याला आली. गाडीत महादेवराव म्हणाले, "गिरडच्या बाबानं एका लबाड व्यापाऱ्याच्या मालाचे गोटे करून टाकले म्हनतात. नारळ होते, बाबानं विचारलं तं त्यानं गोटे सांगितले. घे मंग गोटे."

"तो बाबा होता," शोभाबाई म्हणाली. "आता समिती हाय. गोट्याले नारळ म्हनते."

तुमच्या साहेबानं खुर्ची दाखवली.

"उभीच बरी हाय. बसली तं तेबी लिहान."

हर्षानं गोळा आणि वाटी टेबलावर ठेवली, डॉक्टरीणबाईचा कागद ठेवला. साहेबानं वाटी पेनच्या टोकानं फिरवून पाहिली, जवळ नेली, नाक मुरडलं. "कसला वास येतो?"

शोभाबाईनं सगळं सांगितलं. नदी, डोमाजी, नलू, काहीही लपवलं नाही. तीच तिची खोड. महादेवरावांनी मान खाली घातली.

साहेब मागे टेकला. "नंबर जुळतो, ते खरं. पण ही वस्तू नदीत होती, स्वयंपाकघरात होती. तिच्यावर मिरची-लसूण ठेचलेला. झीज कशानं झाली, हे आता सांगता येत नाही. पुरावा दूषित झाला, बाई."

"काय झाला?"

"दूषित. खराब. त्यावर भरवसा ठेवता येत नाही."

मग शोभाबाई हसली. महादेवरावांनी ते हसू बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं, आणि त्यांना त्याची भीती वाटली.

"लसनानं गोळा दूषित झाला," ती म्हणाली. "अन् गोळ्यानं माहं रक्त झालं ते? तवा कोन दूषित होतं, साहेब? मीच ना?"

"तसं नाही. आमच्या तज्ज्ञांच्या मते या धातूत मुळात धोका नाही. वापर चुकीचा झाला तर…"

"धोका नाई?"

"नाही."

"पक्कं?"

"तज्ज्ञांचं मत आहे."

शोभाबाईनं कमरेला खोचलेल्या पदराची गाठ सोडली. लसणाच्या पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, चिमूटभर मीठ. घरून निघतानाच बांधून आणलं होतं, कोणाला न सांगता. तिनं ते वाटीत टाकलं, टेबलाच्या काठावर एका हातानं भार दिला आणि दुसऱ्या हातानं गोळा फिरवला. करकर. करकर. तोच आवाज. महादेवरावांनी कान झाकले. वर्षानुवर्षं रात्री ती कुशीवर वळताना त्यांनी तो ऐकला होता. तुमच्या लोकांनी तो पहिल्यांदा ऐकला. शिपाई दारात येऊन उभा राहिला, पण आत यायची त्याची छाती झाली नाही.

मग तिनं पिशवीतून ज्वारीची भाकर काढली, तुकडा मोडला, वाटीतला ठेचा त्यावर घेतला आणि साहेबासमोर धरला.

"खा."

"बाई, हे काय चाललंय?"

"खा ना. नदीच्या बाईनं हिवाळाभर खाल्ला. मी तं नुसता खाल्ला नाई, हाडात घालून फिरली. तुमी एक घास खा. मालात खोट नाई ना? दोष माहा हाय ना? मंग घाबरता काऊन?"

साहेबानं खुर्ची मागे सरकवली. चाकांची खुर्ची, पार भिंतीपर्यंत गेली.

"मी हात जोडत नाई," शोभाबाई म्हणाली. तिचा हात तसाच पुढे होता. "आमच्या दुकानात गडव्यावर ज्याचं नाव, गडवा त्याचा. यावर कंपनीचं नाव हाय. माहं नाई. खात असान तं खा, अन् लिहा का बाई खोटी हाय. नाई खात तं काऊन नाई खाल्लं, ते लिहा. पन लिहा. आज. माह्यापुढं."

साहेबानं घास घेतला नाही. त्यानं लिहायला कागदही घेतला नाही. पुढची तारीख कळवू म्हणाला आणि मागच्या दारानं निघून गेला. शोभाबाईनं गोळा आणि वाटी पिशवीत टाकली आणि भाकरीचा तुकडा टेबलावर ठेवला. तुमच्या शिक्क्याशेजारी.

तो तुकडा तुम्ही नंतर उचलून फेकला असेल, हात साबणानं धुतले असतील. पण तारीख अजून कळवलेली नाही, आणि ते वाक्य अजून तसंच आहे, 'रुग्णाच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे'. शोभाबाई रोज दुकानात स्टुलावर बसते, वाटी समोर ठेवते, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

तर ते वाक्य खोडा. नाहीतर एवढंच सांगा, तुमच्या साहेबानं तो घास का खाल्ला नाही?